समुद्र उणे एक पूर्णांक आठला गोठतो

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बॉथनियाच्या आखातात उत्तरेकडे निघालेले एक रिकामे मालवाहू जहाज इंजिन तापल्यामुळे मागे वळले आणि मोकळ्या पाण्यात नांगर टाकून थांबले. इंजिन तापण्याचे कारण बर्फ होते. त्याच सकाळी आमच्या टोकियोच्या कार्यालयातून त्या जहाजाला गेलेल्या तक्त्यात त्या जागेपुढचा चौकोन हिरवा होता. आमच्या तक्त्यात हिरवा म्हणजे बर्फ नाही.

जहाजाचे आणि कंपन्यांचे नाव येथे दिलेले नाही. माणसांची नावे बदलली आहेत. बाकी सर्व घडले तसे आहे.

पुण्यात एका दैनिकाच्या वृत्त विभागात काही वर्षे काढल्यानंतर मी नवऱ्याच्या बदलीबरोबर जपानला आले. राहायला ग्योतोकु, नोकरी कोतोमध्ये, मधे तोझाई लाइनची मेट्रो. नोकरी अशी : जगभरच्या जहाजांना हवा, लाटा आणि बर्फ यांची रोजची माहिती पाठवणे. आकडे यंत्र काढते. आकड्यांखाली चार-सहा ओळींचा शेरा लागतो, तो माणूस लिहितो. मला उत्तर युरोप मिळाला. उत्तर समुद्र, स्कागेराक, कॅटेगॅट, बाल्टिक आणि बाल्टिकला फुटलेली तीन आखाते : रिगाचे, फिनलंडचे आणि सर्वांत उत्तरेचे बॉथनियाचे. तिकडे हिवाळ्यात घड्याळ टोकियोच्या सात तास मागे असते. तिकडच्या रात्रीचे काम टोकियोच्या दिवसात होते, म्हणून हे टेबल टोकियोत आहे. दुसरे कारण नाही. हे सांगून झाल्यावरही, 'पण फिनलंडचं काम जपानमध्ये कशाला?' असे विचारणाऱ्या नातेवाइकांची संख्या कमी झालेली नाही.

ग्राहकांचे प्रश्नही असेच. मुंबईहून तीन वर्षांच्या पोस्टिंगवर आलेल्या एका कंपनीच्या गृहस्थांनी एकदा फोन केला. त्यांचे जहाज डेन्मार्कजवळच्या सामुद्रधुनीत धुक्यामुळे अडकले होते.

"मॅडम, मग ते दुसऱ्या टोकाने बाहेर काढा ना."

"बाल्टिकला दुसरं टोक नाही."

"असं कसं? समुद्र आहे ना तो?"

समुद्र आहे. पण घागरीसारखा आहे. तोंड एकच, तेही अरुंद, आणि डेन्मार्क त्या तोंडाशी बसलेला आहे. त्यांनी 'वरिष्ठांशी बोलतो' असे सांगून फोन ठेवला. वरिष्ठांचा फोन आला. प्रश्न तोच होता.

एका जपानी कागद कंपनीच्या नमुन्यात भरती-ओहोटीच्या वेळांचा रकाना होता. बाल्टिकमध्ये भरती-ओहोटी नसल्यात जमा असते. मी रकान्यात रोज आडवी रेघ मारत असे. महिन्याभराने नम्र तक्रार आली की, रकाना सातत्याने अपूर्ण आहे. मी स्पष्टीकरण पाठवले. उत्तर आले, 'समजले. तरी कृपया भरावा.' तेव्हापासून मी शून्य लिहिते. तक्रार नाही.

आता हिरव्या चौकोनाबद्दल. बाहेरच्या वाचकाला एवढे कळले तरी पुरे : खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जास्त थंडीत गोठते. महासागराचे पाणी उणे एक पूर्णांक आठ अंशांच्या आसपास गोठू लागते. आमच्या यंत्राला हाच आकडा शिकवलेला आहे, कारण पद्धत बसवली गेली ती होक्काइदोच्या उत्तरेच्या ओखोत्स्क समुद्रासाठी आणि तिथे तो आकडा बरोबर आहे. समुद्राच्या पाण्याचे तापमान त्या मर्यादेच्या वर असले की चौकोन हिरवा, तिथवर उतरले की लाल.

बॉथनियाच्या आखातात मात्र नद्याच नद्या येऊन मिळतात, महासागराचे पाणी त्या अरुंद तोंडातून आत पोहोचता पोहोचता दमते, आणि उत्तर टोकाला मीठ महासागराच्या दहाव्या हिश्श्याइतकेही उरत नाही. ते पाणी शून्याच्या जरासे खाली गेले की गोठते. म्हणजे बर्फ झालेला असतो आणि चौकोन हिरवा असतो. पुढे पाणी आणखी थंड होऊच शकत नाही, कारण ते गोठलेले असते. त्यामुळे तिथे तो चौकोन कधीही लाल होत नाही. सर्व हिवाळा हिरवा.

ही गोष्ट माझ्या लक्षात पहिल्याच हिवाळ्यात आली. तिच्यात शोध असे काही नव्हते, शाळेच्या पुस्तकात आहे. मी आमचे विभागप्रमुख इशिदा-सान यांना सांगितले. ते समुद्रशास्त्राचे डॉक्टर आहेत, त्यांना ते माझ्याआधीपासून माहीत होते.

"आकडा एका समुद्रापुरता बदलता येईल का?" मी विचारले.

"येईल," ते म्हणाले. "फक्त सर्व विभागांची संमती लागेल."

जपानी कार्यालयात प्रस्तावाचा कागद टेबलाटेबलावरून फिरतो आणि प्रत्येक जण त्यावर आपला शिक्का उमटवतो. कुणी विरोध करत नाही. कुणी प्रश्न विचारतो, तेव्हा कागद थांबतो. हा कागद विक्री विभागाच्या प्रश्नाशी थांबला : एका समुद्राचा आकडा बदलला तर ओखोत्स्कचे ग्राहक त्यांचा आकडा बरोबर आहे का, असे विचारणार नाहीत का? उत्तर 'विचारले तर बरोबर आहे म्हणून सांगू' असे होते. पण मुळात कुणी विचारावे ही वेळच का आणावी, असा उपप्रश्न आला. दोन हिवाळे गेले. तोवर मी शेऱ्यात लिहीत राहिले : 'या आखाताचे पाणी अल्पक्षार आहे. चौकोन हिरवा असला तरी नवा बर्फ अपेक्षित.' बातमी लिहितात तसे. कुठे, केव्हा, किती जाड. तिथल्या सरकारी बर्फ नकाशाशी माझे शेरे जुळत असत आणि त्यांत एकही चूक निघालेली नाही. वाचले किती गेले, हा वेगळा विषय.

त्या डिसेंबरातले जहाज शिकोकू बेटावरच्या एका मालकाचे होते. ते भाड्याने घेतले होते टोकियोतल्या एका लाकूड आयात कंपनीने. आखाताच्या उत्तर टोकाच्या बंदरातून कापीव लाकूड आणायचे होते. जपानात मार्चअखेर आर्थिक वर्ष संपते आणि घरे त्याआधी ताब्यात द्यायची असतात, त्यामुळे लाकडाला घाई होती. कंपनीतर्फे काम पाहणारे ओकुदा-सान. जहाजाचे कॅप्टन मुकादम, राहणार दाभोळजवळ.

कॅप्टनचा पहिला फोन जहाज स्कागेराकमध्ये शिरताना आला होता. इंग्रजीत सुरुवात झाली. माझे नाव ऐकून ते थांबले.

"केळकर? म्हणजे मराठी?"

"हो. पुण्याची."

"मग इतका वेळ उगाच जीभ दुखवली. ताई, मूळच्या कोकणातल्याच ना तुम्ही?"

"मूळची."

"म्हणजे कोकण सोडलंत आणि वाद तेवढा बरोबर नेलात."

त्यानंतर ते कामाचे लेखी इंग्रजीत पाठवत आणि तोंडी मराठीत सांगत. इंजिन तापले त्या दिवशीही फोन मराठीतच आला. टोकियोत सकाळ होती, तिकडे अजून पहाट व्हायची होती.

"ताई, तुमच्या कागदावर हिरवं आहे आणि माझ्या इंजिनरूममध्ये लाल दिवा. कुठलं धरू?"

"लाल. काय झालं?"

"काय व्हायचंय? बर्फाचा लगदा. गोळेवाल्याच्या गाडीखाली साचतो ना, तसा. जहाज रिकामं, वर तरंगतंय. पाणी आत घ्यायचं तोंड आलंय वर. तो लगदा बसला तोंडात."

जहाजाचे इंजिन समुद्राच्या पाण्यावर थंड ठेवतात. जहाजाच्या पोटाला त्यासाठी तोंडे असतात. ती बुजली की थोड्या वेळात इंजिन बंद करावे लागते, आणि इंजिन नसलेले जहाज वारा नेईल तिकडे जाते.

"आता कुठे आहात?"

"वळवलं आणि मागं आणलं. मोकळ्या पाण्यात नांगर टाकलाय. बर्फफोडी बोट मागितली आहे, पण त्या बंदराला त्यांची यंदाची फेरीच अजून सुरू नाही. येतील तेव्हा येतील म्हणाले." मग म्हणाले, "बादलीनं पाणी काढलं आणि बोट बुडवून चाखलं. पाणी नावाला खारट. आमच्या खाडीत श्रावणात लागतं तसं."

"ते मला माहीत आहे."

"तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. मशीनला कोण सांगणार?"

मी शेरा लिहिला आणि पाठवला. तासाभरात ओकुदा-सानांचा फोन आला. ते सभ्य गृहस्थ आहेत, आवाज कधी चढत नाही.

"केळकर-सान, जहाज थांबल्याचे कळले."

"हो. पुढे बर्फ आहे."

"तक्ता माझ्यासमोर आहे. हिरवा आहे."

"त्याखाली शेरा आहे."

"वाचला. फार स्पष्ट लिहिला आहे, आभारी आहे. पण चौकोन हिरवा आहे."

याचे महत्त्व त्यांच्या करारात होते. जहाज भाड्याने देता-घेताना उशिराबद्दल वाद झाला तर कोणाची हवामान माहिती खरी धरायची, हे आधीच ठरवतात. त्या करारात आमच्या कंपनीचा तक्ता अंतिम धरलेला होता. तक्ता म्हणजे आकडे आणि चौकोन. शेरा 'पूरक मजकूर' होता. कॅप्टनचा अहवाल, फिनलंडचा सरकारी नकाशा, बादलीतले पाणी, यांपैकी कशालाही त्या करारात जागा नव्हती. आमच्या चौकोनाप्रमाणे समुद्र मोकळा होता. मोकळ्या समुद्रात थांबलेले जहाज कॅप्टनच्या मर्जीने थांबलेले होते.

मी इशिदा-सानांच्या टेबलाशी गेले.

"आजचा तक्ता दुरुस्त करून पाठवू या."

"पाण्याचे तापमान चुकले आहे का?"

"नाही."

"मर्यादा पुस्तिकेप्रमाणे आहे?"

"आहे."

"मग चौकोन बरोबर आहे."

"चौकोन बरोबर आहे, इशिदा-सान. समुद्र चुकला आहे."

त्यांनी दातांमधून हवा आत ओढली. जपानमध्ये काम केलेल्या प्रत्येकाला हा आवाज ओळखता येतो. त्याचा अर्थ 'नाही' असा आहे. आज दुरुस्त केला तर कालचाही करावा लागेल, ते म्हणाले, आणि गेल्या वर्षीचा, आणि त्याआधीचा. त्यांचे म्हणणे तर्काला धरून होते. तीच तर अडचण होती. शिवाय दोन दिवसांनी वर्षअखेरची सुट्टी लागणार होती. संमती देणारे सर्व जण चार जानेवारीला परतणार होते. लिफ्टपाशी लोक एकमेकांना वाकून 'येते वर्ष चांगले जावो' म्हणत होते. आमचे टेबल तेवढे सुट्टीतही चालू राहते.

दुसऱ्या दिवशी कॅप्टनचा पुन्हा फोन आला. मालकाच्या कार्यालयाकडून त्यांना निरोप मिळाला होता, तो त्यांनी वाचून दाखवला : 'तक्त्यानुसार मार्गावर बर्फ नाही. सुरक्षिततेची काळजी घेऊन पुढे जाण्याबाबत विचार व्हावा.'

"ही कसली ऑर्डर, ताई? जा म्हणत नाहीत, थांब म्हणत नाहीत."

"याला इकडे विनंती म्हणतात."

"आमच्याकडे याला मागून ढकलणं म्हणतात. वर, मी कुणाला ढकललं नाही म्हणायला मोकळे." ते हसले, मग हसणे थांबले. "माझं कॉन्ट्रॅक्ट फेब्रुवारीत संपतं. पुढचं याच मालकाकडं मिळायचं तर रिपोर्ट स्वच्छ पाहिजे. या वयात कुठला नवा मालक दारात उभं करतो हो मला?"

"मग जाणार पुढे?"

"बावीस माणसं आहेत वर. पुन्हा तोंड बुजलं आणि इंजिन गेलं तर पूर्वेला उथळ आहे, वारा पश्चिमेचा. नाही जात. त्यांनी विचार व्हावा म्हटलं ना? झाला विचार. लिहून घ्या."

मी लिहून घेतले. त्यांनीही मालकाला लेखी कळवले. त्या दिवशीच्या आमच्या तक्त्यात चौकोन हिरवा होता.

पुढचे काही दिवस ओकुदा-सानांचा रोज सकाळी एकच प्रश्न येत असे : जहाज बंदरात किती वाजता पोहोचेल? दिवस चालणार नव्हता, तास हवा होता. त्यांच्या कंपनीच्या नमुन्यात तासाचा रकाना होता. बर्फफोडी बोट कोणाला केव्हा न्यायचे हे स्वतः ठरवते, तिला ग्राहक नसतात, ती कोणाला वेळ देत नाही, हे मी रोज वेगळ्या शब्दांत सांगितले. एकदा त्यांनी विचारले की, जादा आकार भरून ती राखून ठेवता येते का. येत नाही. मग कोणाला विनंतीपत्र पाठवावे? कोणालाही नाही. या देशात आगगाडी मिनिटभर उशिरा आली तर फलाटावर क्षमा मागतात. ज्या देशाच्या बोटीची वाट पाहत होतो, तिथे उशीर हा शब्द या संदर्भात वापरतच नाहीत.

"आई, तू फोनवर 'नाही' इतक्या वेळा का म्हणतेस?" सुट्टीमुळे त्या दिवसांत काही काम मी घरून केले, तेव्हा मुलीने जपानीत विचारले. शाळेत तिला तसे थेट बोलू नये असे शिकवतात.

बर्फफोडी बोट नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी आली. तिच्यामागोमाग जहाज बंदरात गेले. लाकूड भरले. जहाज धडधाकट होते, कोणालाही इजा झाली नव्हती. परतीच्या वाटेवर क्वार्कनची सामुद्रधुनी ओलांडून ते दक्षिणेच्या मोकळ्या पाण्यात आले, तेव्हा कॅप्टनचा दोन शब्दांचा निरोप आला : 'सुटलो, ताई.'

जानेवारीच्या मध्यावर ओकुदा-सानांच्या कार्यालयात बैठक झाली. त्यांच्या बाजूला तिघे, जहाजमालकाचे प्रतिनिधी एक, आमच्याकडून इशिदा-सान आणि मी. मला बोलायचे नव्हते, फक्त विचारले तर तांत्रिक खुलासा करायचा होता. नव्या वर्षाच्या शुभेच्छा, शिकोकूच्या संत्र्यांची पेटी, चहा. मग अर्धा तास सर्वांनी झालेल्या गैरसोयीबद्दल एकमेकांची क्षमा मागितली. गैरसोय काय होती ते कोणी उच्चारले नाही.

शेवटी ओकुदा-सानांनीच विचारले. मला वाटते, त्यांना खरोखर जाणून घ्यायचे होते.

"केळकर-सान, एक साधा प्रश्न. बर्फ होता की नव्हता?"

सर्वांनी इशिदा-सानांकडे पाहिले. इशिदा-सानांनी टेबलाकडे पाहिले.

"होता," मी म्हटले. "जहाज थांबले त्या दिवशीही होता, आणि त्यानंतर रोज होता. चौकोनाला तो दिसत नाही, कारण तिथले पाणी गोडसर आहे आणि आमची मर्यादा खाऱ्या पाण्याची आहे. कॅप्टन थांबले ते योग्य होते."

मालकाच्या प्रतिनिधीने वहीत काही लिहिले. ओकुदा-सानांनी मान लववून आभार मानले आणि चहा पुन्हा मागवला. बैठकीचा वृत्तांत दुसऱ्या दिवशी आला. त्यात ओळ होती : 'बर्फाच्या स्थितीबाबत स्पष्टीकरण प्राप्त झाले.' स्पष्टीकरण काय, ते नव्हते. दैनिकात असा मजकूर मी दिला असता तर वृत्तसंपादकांनी तो माझ्या अंगावर फेकला असता.

परतीच्या गाडीत इशिदा-सान बराच वेळ उभे राहून बाहेर बघत होते. मग म्हणाले, "तुम्ही बोललात ते शास्त्राला धरून होते."

"आभारी आहे."

"मी बोलायला हवे होते, असे तुम्हाला वाटत असेल."

मी हो म्हटले. त्यांनी पुन्हा दातांमधून हवा ओढली. स्टेशन आले.

त्यानंतर लाकूड कंपनी, जहाजमालक आणि आम्ही यांच्यात कोणताही वाद राहिला नाही. थांबलेल्या दिवसांचा भार कंपनी आणि मालक यांनी आपसात वाटून घेतला. आमचा करार पुढच्या वर्षासाठी कायम झाला. कागदावर उशिराला एक कारण मात्र लागत होते. टोकियोतल्या कोणाकडे बोट दाखवले असते तर संबंध बिघडले असते. फेब्रुवारीत कॅप्टन मुकादम सिंगापूरला जहाजावरून उतरले, तेव्हा मालकाने त्यांच्या कामाच्या अहवालात लिहिले : 'विलंब : कॅप्टनच्या निर्णयामुळे.'

त्यांनी मला त्याचा फोटो पाठवला. सोबत लिहिले होते, 'शब्द खोटा नाही, ताई. निर्णय माझाच होता.'

मी इशिदा-सानांकडे गेले आणि मालकाला पत्र लिहिण्याची परवानगी मागितली. या वेळी त्यांनी हवा ओढली नाही. मसुदा वाचला, दोन ठिकाणी जपानी अधिक नम्र केले, आणि खाली माझ्या नावाआधी स्वतःचे नाव लिहिले. पत्रात त्या आठवड्यातल्या पाण्याचे तापमान, क्षारता आणि सरकारी बर्फ नकाशे जोडले होते आणि कॅप्टनच्या अहवालातला शेरा बदलण्याची विनंती होती. मार्चमध्ये उत्तर आले : पत्राबद्दल आभार, बाब तपासून खात्री करण्यात येत आहे. मेमध्ये पुन्हा विचारले. उत्तर तेच होते. कॅप्टननी मधल्या काळात तीन एजंटांकडे अर्ज केले. तिघांनी मागचा अहवाल मागितला.

जूनमध्ये आमच्या प्रस्तावाच्या कागदावर शेवटचा शिक्का पडला आणि बॉथनियाच्या आखातासाठी मर्यादा बदलली. आखातातला बर्फ तेव्हा वितळलेला होता. बदल पुढील तक्त्यांना लागू असून आधीच्या तक्त्यांना नाही, असे परिपत्रकात नमूद आहे.

ऑगस्टच्या अखेरीस मी मालकाच्या कार्यालयाला फोन केला. अहवालातला शेरा अजून तसाच आहे आणि खात्री करणे चालू आहे, असे सांगण्यात आले. त्याच संध्याकाळी दाभोळला फोन केला. कॅप्टन मुकादम अजून घरीच होते.